फायबर पोस्टमधून प्रकाश किती खोल पोचतो? बाँडिंग करताना काय तपासायचं, कसं करायचं

रूट कॅनॉल झालेल्या दाताच्या मुळात आधारासाठी बसवतात ती ट्रान्सल्युसंट फायबर पोस्ट (तंतू आणि रेझिनची अर्धपारदर्शक बारीक काडी) ऑपरेटरी लाईटसमोर धरली की टोकापर्यंत उजळलेली दिसते. त्यावरून आपण सहज धरून चालतो की वरून क्युअरिंग लाईट (रेझिन घट्ट करणारा निळा दिवा) लावला की कॅनॉलच्या, म्हणजे मुळातल्या पोकळीच्या, तळापर्यंतचं सिमेंट पक्कं होणार. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: पोस्टमधून जाणारा प्रकाश वरच्या तिसऱ्या भागातल्या सिमेंटला चांगला उपयोगी पडतो, मधल्या भागाला थोडाफार पडतो, आणि तळाच्या भागासाठी त्याच्यावर विसंबू नये. तळाचं काम सिमेंटच्या केमिकल सेटिंगवर, म्हणजे प्रकाशाशिवाय घट्ट होण्यावर, सोपवायचं, आणि ते सेटिंग खरोखर होतंय का याची खात्री आपल्याच क्लिनिकमध्ये करून घ्यायची. फायबर पोस्ट निकामी होण्याची सगळ्यात नेहमीची तऱ्हा म्हणजे ती सुटून येणं. मूळ फुटण्यापेक्षा हे बरंच बरं, कारण दात वाचतो. पण त्यातल्या बऱ्याच पोस्ट सुटायला नकोच होत्या असं मला मनापासून वाटतं.

पोस्टच्या आत काय होतं

१९९० च्या सुमारास फ्रान्समधून आलेल्या पहिल्या फायबर पोस्ट कार्बनच्या होत्या, काळ्याकुट्ट. त्यांच्यातून प्रकाश जाण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे सगळे निमूटपणे सेल्फ क्युअर, म्हणजे प्रकाशाशिवाय आपोआप घट्ट होणारं, सिमेंट वापरत. पुढे काचेच्या आणि क्वार्ट्झच्या तंतूंच्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक पोस्ट आल्या. सिरॅमिक क्राऊनमधून काळी सावली दिसायची थांबली आणि त्याबरोबर 'लाईट ट्रान्समिटिंग' हा शब्दही खोक्यावर आला.

आता जरा जवळून बघू. पोस्टमध्ये हजारो तंतू एकाच दिशेने रचलेले असतात आणि त्यांना रेझिन धरून ठेवतं, बहुतेक वेळा इपॉक्सी. टेलिफोनच्या ऑप्टिकल फायबरमध्ये आतल्या काचेचा अपवर्तनांक बाहेरच्या थरापेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, म्हणून प्रकाश आतच परावर्तित होत मैलोन्‌मैल जातो. पोस्टमध्ये तशी रचना नसते. क्वार्ट्झचा अपवर्तनांक साधारण १.४६, ई-ग्लासचा १.५५ च्या जवळपास आणि इपॉक्सीचा १.५ च्या आगेमागे. क्वार्ट्झच्या पोस्टमध्ये तर तंतूपेक्षा रेझिनचाच अपवर्तनांक जास्त, त्यामुळे प्रकाश तंतूतून रेझिनमध्ये निसटतो. एक्स-रेवर पोस्ट उठून दिसावी म्हणून जे घटक मिसळतात त्यांच्यावरही तो विखुरतो. दर मिलिमीटरला काही हिस्सा बाजूने बाहेर पडतो, काही शोषला जातो, आणि खाली जाईल तसा तो झपाट्याने कमी होत जातो.

बाजूने गळणारा हा प्रकाश मात्र आपल्या कामाचा आहे. सिमेंट पोस्टच्या कडेने असतं. सगळा प्रकाश इमानदारीने तळाच्या टोकापर्यंत नेणारी पोस्ट फक्त टोकाखालचा थेंब पक्का करील आणि भिंतीवरचं सिमेंट कच्चंच राहील. म्हणून माहितीपत्रकात 'टोकापर्यंत इतके टक्के प्रकाश' असं लिहिलेलं असेल तर त्यावरून कडेच्या सिमेंटबद्दल फारसं काही ठरवता येत नाही.

दुसरी फसगत रंगाची. आपल्या बहुतेक रेझिनमधलं कॅम्फरक्विनोन, म्हणजे प्रकाश पडल्यावर घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारं रसायन, ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं. डोळ्याला पोस्ट उजळ दिसते ती मुख्यतः हिरव्या-पिवळ्या प्रकाशामुळे. इपॉक्सीत जराशी पिवळट झाक असली तरी नेमका निळा भाग आधी खाल्ला जातो. मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून पोस्ट निवडू नका, त्याचा इथे उपयोग नाही.

आणि थोडं गणित. क्युअरिंग लाईटची टिप ८ मिमी व्यासाची, पोस्टचं डोकं १.५ मिमीचं. क्षेत्रफळाच्या हिशेबाने टिपमधून निघणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम साडेतीन टक्के भाग पोस्टच्या तोंडावर पडतो. लाईट १००० मिलिवॉट प्रति चौरस सेंमीचा असेल तर पोस्टमध्ये शिरायला मिळतात सुमारे १८ मिलिवॉट. समजा एखाद्या खोलीवर तीव्रता मूळच्या पाच टक्क्यांवर आली, म्हणजे ५० मिलिवॉट प्रति चौरस सेंमी. कंपोझिटच्या (दात भरायच्या रेझिनच्या) २ मिमी थरासाठी १६ जूल प्रति चौरस सेंमी हा आकडा आपण नेहमी धरतो. तो ५० मिलिवॉटवर गाठायला ३२० सेकंद लागतील. ४० सेकंदांत मिळतात फक्त २ जूल. वेळ वीसवरून चाळीस केल्याने मधल्या भागाला फायदा होतो; तळाचा प्रश्न सेकंद वाढवून सुटणारा नाही.

पहिली चाचणी: तुमची पोस्ट, तुमचा लाईट

ब्रँडप्रमाणे पोस्टमध्ये प्रचंड फरक असतो. काही पोस्ट दिसायला पांढऱ्या असूनही जवळजवळ काहीच सोडत नाहीत. म्हणून नवीन पोस्टचा संच आणला की एक दुपार या चाचणीला द्या.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काळी हीट श्रिंक ट्यूब मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत गेलात तर हव्या त्या व्यासाची मिळेल. आतून २ ते २.५ मिमीची घ्या. १२ मिमीचे तुकडे कापा, तापवू नका. खालचं तोंड मेणाने बंद करा. आत लाईट क्युअर (फक्त प्रकाशाने घट्ट होणारं) फ्लोएबल, म्हणजे पातळ, कंपोझिट भरा. ड्युअल क्युअर (प्रकाशाने आणि केमिकलनेही घट्ट होणारं) सिमेंट इथे घेऊ नका, कारण ते अंधारातही घट्ट होतं आणि प्रकाशाने किती काम केलं ते कळत नाही. पोस्ट घाला, डोकं ३ मिमी वर राहू द्या. ट्यूबचं तोंड ॲल्युमिनियम फॉइलच्या तुकड्याने झाका आणि फॉइलला पोस्टच्या मापाचं भोक पाडा, म्हणजे प्रकाश फक्त पोस्टमधूनच आत जाईल. टिप पोस्टच्या डोक्याला टेकवून ४० सेकंद लाईट द्या.

लगेच अकरा नंबरच्या ब्लेडने ट्यूब उभी चिरा. प्लास्टिक स्पॅच्युलाने मऊ कंपोझिट खरवडून काढा. पोस्टभोवती कडक म्यान उरतं. वरून त्याची लांबी मोजा. पहिल्यांदा हे करणारे बरेच जण तळाकडची पोस्ट चिकट, ओल्या कंपोझिटमध्ये माखलेली बघून थबकतात. वर म्यान जाड असतं, खाली जाताना ते निमुळतं होतं आणि एका ठिकाणी संपतं. ती जागा मार्करने पोस्टवर खूण करून ठेवा आणि पोस्ट पाकिटात जपून ठेवा.

याबरोबर एक ट्यूब धातूच्या पोस्टची करा. तिच्यात कंपोझिट कच्चंच राहायला हवं. वरचा भाग कडक झाला तर तुमच्या फॉइलमधून प्रकाश गळतोय, आधी ते नीट करा. प्रत्येक प्रकारच्या निदान तीन ट्यूब करा, एकीवर निष्कर्ष काढू नका.

हाताला कडक लागलं म्हणजे पूर्ण क्युअर झालं असं नाही. कंपोझिटच्या क्युअरची खोली मोजण्याच्या आयएसओ ४०४९ या मानकातही खरवडून उरलेल्या लांबीचा निम्मा भागच ग्राह्य धरतात. पोस्टभोवतीच्या म्यानाची भूमिती वेगळी आहे, तरी मी तोच सावध नियम लावतो: म्यान ८ मिमी निघालं तर ४ मिमीपर्यंतच्या सिमेंटवर भरवसा. काळी नळी बाजूने आलेला प्रकाश गिळते, डेंटिन तो थोडा परत पाठवतं, म्हणून तोंडात परिस्थिती वरच्या भागात किंचित बरी असते. पण हाडात शिरलेल्या मुळाला बाहेरून मदत मिळत नाही.

दुसरी चाचणी: सिमेंट अंधारात

ही चाचणी पहिलीपेक्षाही महत्त्वाची आणि दोन मिनिटांच्या मेहनतीची. ड्युअल क्युअर सिमेंटचा केमिकल भाग बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲमाइनसारख्या ॲक्टिव्हेटरवर चालतो. पेरॉक्साइड उष्णतेने हळूहळू खराब होतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पार्सल गाडीत दोन दिवस पडून राहिलं तर आतलं तापमान किती जात असेल याचा विचार करा. असं सिमेंट लाईटखाली उत्तम घट्ट होतं. म्हणजे बिघाड आपल्याला दिसतच नाही. वरचा भाग पक्का, तळ कच्चा, आणि एक्स-रे झकास.

म्हणून दर नव्या सिरिंजमधून वाटाण्याएवढं सिमेंट पॅडवर काढा, वरून काचेची पट्टी दाबा (हवेतला ऑक्सिजन पृष्ठभाग चिकट ठेवतो), आणि ड्रॉवरमध्ये बंद करा. कंपनीने सांगितलेली सेल्फ क्युअरची वेळ संपली की प्रोबने टोचा. तोंडातल्या उबेत सिमेंट लवकर बसतं, त्यामुळे टेबलावर थोडा जास्त वेळ लागणं चालेल. अर्ध्या तासानेही प्रोब रुतत असेल तर ती सिरिंज पोस्टसाठी वापरू नका. मुदत संपलेली नसली तरी. फ्रिजमधून काढलेलं सिमेंट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर चाचणीही चुकेल आणि केसही.

कॅनॉल आणि पोस्टची तयारी

फेरुल (क्राऊनच्या पकडीत येणारं दाताचं कडं) १.५ ते २ मिमी मिळतंय का हे सगळ्यात आधी. ते नसेल तर प्रकाशाची चर्चा दुय्यम आहे. तळाशी ४ ते ५ मिमी गट्टा पर्चा (कॅनॉल भरायचा रबरासारखा पदार्थ) राखा. पोस्ट जितकी खोल तितकी ती टिकाऊ, हा धातूच्या पोस्टच्या काळातला विचार इथे जसाच्या तसा लावू नका, कारण खोल गेलेला प्रत्येक मिलिमीटर प्रकाशापासून लांबचा आहे आणि त्यासाठी डेंटिनही खर्च होतं. मूळ आणि क्राऊनच्या लांबीचा हिशेब पाळावा, त्यापुढे हौसेने जाऊ नये.

भिंतीवर सीलर (गट्टा पर्चाभोवती लावायची पेस्ट) आणि गट्टा पर्चाचे डाग राहिले की बाँडिंग तिथेच संपतं. लूप्स (भिंगाचा चष्मा) लावून, नीट उजेडात बघून काढा. युजेनॉलचा सीलर असेल तर विशेष काळजी, युजेनॉल पॉलिमरायझेशन (रेझिन घट्ट होण्याची क्रिया) अडवतं. कॅनॉल धुवायला वापरलेल्या हायपोक्लोराइटनंतर भिंतीत उरणारा ऑक्सिजनही तेच करतो. त्यामुळे शेवटचं धुणं भरपूर डिस्टिल्ड वॉटरने, मग पेपर पॉइंटने पाणी टिपणं. थ्री-वे सिरिंजच्या हवेने कॅनॉल कोरडा होत नाही.

पोस्ट बसते का ते पाहून, खूण करून, बाहेर काढून पाण्याच्या फवाऱ्याखाली डायमंडने कापा. कटरने किंवा पक्कडीने चिमटली तर तंतू चिरडतात, फाटतात, आणि प्रकाश आत शिरण्याचं तोंडच बिघडतं. काप सपाट हवा. काही जण पोस्ट लांब ठेवून क्युअर झाल्यावर कापतात. तसं करू नये असं माझं मत आहे. ऑरिफिसच्या, म्हणजे कॅनॉलच्या तोंडाच्या, वर उघड्यावर राहिलेल्या प्रत्येक मिलिमीटरमधून प्रकाश फुकट बाहेर जातो, आणि क्युअर झालेल्या सिमेंटला बर चालवून हादरे बसतात ते वेगळेच. कोअरला (क्राऊनखाली बांधायच्या कंपोझिटच्या गाभ्याला) धरायला लागेल तेवढीच, ३-४ मिमी वर ठेवा.

अल्कोहोलने पुसा, कंपनी सांगत असेल तर सायलेन (काच आणि रेझिन जोडणारं द्रव) लावून मिनिटभर वाळू द्या, आणि मग चिमट्यानेच धरा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड पोस्टला लावू नका, काचेच्या तंतूंनाच ते खातं.

सिमेंट आणि बाँडची जोडी

इथे बऱ्याच क्लिनिकमध्ये नकळत गडबड होते. एका बाटलीतले आम्लधर्मी बाँड आणि ॲमाइनवर चालणारं ड्युअल क्युअर सिमेंट यांचं पटत नाही. बाँडच्या वरच्या थरातलं आम्ल ॲमाइनला निकामी करतं, आणि सेल्फ क्युअर नेमकं डेंटिनला लागून अडतं. जिथे प्रकाश पोचतो तिथे हे झाकलं जातं, जिथे पोचत नाही तिथे उघडं पडतं, म्हणजे पुन्हा तळालाच. एकतर त्याच कंपनीचा ड्युअल क्युअर ॲक्टिव्हेटर वापरा, नाहीतर सेल्फ ॲडहेसिव्ह (वेगळ्या बाँडशिवाय चिकटणारं) सिमेंट घ्या. रोजच्या कामासाठी मी दुसरा मार्ग सुचवतो. त्यात कॅनॉलमध्ये बाँडचं डबकं साचून पोस्ट अर्ध्यातच अडकण्याचा प्रश्नही राहत नाही.

सिमेंट लांब, बारीक टिपने तळापासून भरत वर या, टिप सिमेंटमध्येच बुडालेली ठेवा. लेंटुलो (सिमेंट भरायची फिरती स्प्रिंग) वापरण्याआधी कंपनीच्या सूचना वाचा. काही सिमेंट त्याने कॅनॉलमध्येच भराभर घट्ट होऊ लागतं. पोस्ट हळू, किंचित फिरवत बसवा.

लाईट लावताना

पोस्टच्या डोक्यावर आलेलं सिमेंट मायक्रोब्रशने पुसून काढा. ही एवढीशी कृती विसरली तर बाकीची सगळी मेहनत कमी पडते, कारण अपारदर्शक सिमेंटचा थर तोंडावरच प्रकाश अडवतो. कोअरचं कंपोझिटही आत्ताच डोक्यावर चढवू नका.

आता थांबायचं. कॅनॉलमध्ये सिमेंट जवळजवळ सगळीकडून भिंतींना चिकटलेलं असतं, आकसायला मोकळी बाजू नसते. क्लास वन कॅव्हिटीत (दाताच्या चावायच्या बाजूच्या खड्ड्यात) सी-फॅक्टर, म्हणजे चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागांचं गुणोत्तर, ५ धरतात, पोस्टच्या जागेत तो २०० च्या वर गेल्याची गणितं मांडली गेली आहेत. लगेच जोरात लाईट दिला तर वरचा भाग झटकन गोठतो आणि ताण भिंतीवर येतो. काही सिमेंटमध्ये तर लवकर गोठलेल्या जाळ्यामुळे पुढची केमिकल क्रियाही मंदावते. म्हणून कंपनीची सूचना आड येत नसेल तर बोटाने पोस्ट स्थिर धरून तीन ते पाच मिनिटं सिमेंटला स्वतःचं काम करू द्या. गर्दीच्या ओपीडीत ही मिनिटं फार मोठी वाटतात, ते मला ठाऊक आहे. तरी द्या.

मग टिप पोस्टच्या अक्षात, डोक्याला टेकवून ४० सेकंद. तिरपा लाईट आत शिरतो पण लगेच बाजूने बाहेर पडतो. खालच्या मोलरच्या (दाढेच्या) डिस्टल, म्हणजे मागच्या, कॅनॉलमध्ये सरळ कोन मिळणं अवघड असतं; तिथे बाइट ब्लॉक लावा, छोट्या डोक्याचा लाईट असेल तर तो घ्या, आणि तरीही कोन मिळाला नाही तर त्या केसमध्ये प्रकाशाचा हिशेब शून्य धरून सेल्फ क्युअरची पूर्ण वेळ थांबा. नंतर बकल (गालाच्या) आणि लिंग्वल (जिभेच्या) बाजूने २०-२० सेकंद. मध्ये हवेचा झोत द्या, सलग लाईटने हिरडी आणि दात तापतात.

लाईट असिस्टंटच्या हातात देऊन आपण पुढच्या तयारीला लागतो, हे बहुतेक ठिकाणी चालतं. तिच्याकडे नारिंगी चष्मा नसला की ती नजर वळवते आणि टिप सरकते. दीड मिलिमीटरच्या निशाण्यावर दोन मिलिमीटरची चूक म्हणजे पोस्ट झोताच्या मध्यापासून कडेकडे, जिथे बऱ्याच एलईडी लाईटची तीव्रता कमी असते. दोघांनाही चष्मे घ्या आणि पोस्टच्या केसला लाईट स्वतः धरा. टिपवर चिकटलेलं जुनं कंपोझिट आणि सुरकुतलेलं प्लास्टिकचं आवरणही प्रकाश खातं. साधा रेडिओमीटर (लाईटची तीव्रता मोजायचं यंत्र) अचूक आकडा देत नाही, पण आपल्याच लाईटचं आजचं रीडिंग गेल्या महिन्यापेक्षा घसरलं का हे तो नक्की सांगतो.

कोअर त्याच बैठकीत बांधा, पण क्राऊनची प्रेपरेशन शक्यतो पुढच्या भेटीत करा. तळाचं सिमेंट त्या दिवसभरात अजून पक्कं होत असतं.

पोस्ट सुटून आलीच तर

ती लगेच पुन्हा चिकटवू नका. आधी लूप्समधून नीट बघा. पोस्ट पूर्ण स्वच्छ, चकचकीत आणि सिमेंट कॅनॉलमध्ये राहिलेलं असेल तर दोष पोस्टच्या पृष्ठभागाचा: पुसणं, सायलेन, हाताळणी. पोस्टवर सिमेंटचा अखंड कडक थर आणि कॅनॉलची भिंत मोकळी असेल तर दोष डेंटिनच्या बाजूचा: सीलर, हायपोक्लोराइट, ओलावा किंवा बाँडची न पटणारी जोडी. वरचं सिमेंट कडक आणि तळाचं प्रोबने खरवडून निघण्याइतकं मऊ असेल, तर तिथे प्रकाश पोचला नाही आणि केमिकल क्युअरही झालं नाही. अशा वेळी तुमची जपून ठेवलेली खूण केलेली पोस्ट शेजारी धरा. मऊ भाग खुणेच्या खाली सुरू होत असेल तर त्या दिवशी वापरलेली सिरिंज शोधा, तिची अंधारातली चाचणी करा, आणि त्याच सिरिंजमधून झालेल्या बाकीच्या पेशंटना क्राऊन बसवण्याआधी तपासणीला बोलावून घ्या.